‘साखळी लांबली’ : दुचाकीच्या साखळीचा इतिहास आणि एका क्रियापदाचा विचार

१

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव खारघरच्या डोंगराच्या पायथ्याच्या टापूत वसलेले आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईची आखणी झाली, तेव्हा जी गावे या नगरयोजनेच्या कक्षेत आली त्यांपैकी हे एक होय. भातखाचरांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या, आणि वसाहतींच्या पाठोपाठ दुचाकी दुरुस्तीची लहान लहान दुकाने आली. अशाच एका दुकानात, दोन पावसाळ्यांपूर्वी, माझ्या मोटरसायकलीचे मागचे चाक हाताने फिरवून पाहत तेथील कारागिराने निकाल दिला : “सर, चेन लांबली. आता ताणून उपयोग नाही. सेटच टाकावा लागेल.”

शब्दांच्या मागे धावण्याची खोड आमच्या व्यवसायात असतेच. मी दुरुस्तीच्या खर्चाआधी त्या दोन क्रियापदांकडे वळलो. ‘लांबणे’ हे अकर्मक. ते साखळीला आपोआप घडते. ‘ताणणे’ हे सकर्मक; ते कारागीर करतो. परंतु ‘ताणणे’ या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत. सैल वस्तू घट्ट करणे हा एक, आणि ओढून तिची लांबी वाढविणे हा दुसरा. रबर ताणले म्हणजे लांबते. तंबोऱ्याची तार ताणली म्हणजे घट्ट होते. एकाच वाक्यात ‘लांबली’ आणि ‘ताणून’ हे शब्द शेजारी आले की ऐकणाऱ्याच्या मनात कार्यकारणभाव तयार होतो : इंजिनाने ओढून ओढून साखळी लांबविली.

कारागिराने माझी जुनी साखळी उतरवून भिंतीवरच्या खिळ्याला लावली आणि तितक्याच कड्यांची नवी साखळी तिच्या शेजारी सोडली. जुनी साखळी सुमारे दोन बोटे खाली आली होती. म्हणजे त्याचे म्हणणे खरेच होते; साखळी लांबली होती. आणि तरीही त्या साखळीतील पोलादाची एकही पट्टी, एकही पिन नव्या साखळीतल्यापेक्षा लांब झालेली नव्हती.

प्रस्तुत लेखाचा विषय हा विरोध होय. त्याचा उलगडा यंत्रशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांतही सापडतो. तथापि यंत्र घडविणारांना त्याच्यापर्यंत पोहोचावयास फार काळ लागला, आणि आपल्या बोलण्यातील क्रियापद तेथवर अद्याप पोहोचलेले नाही, असे मला म्हणावयाचे आहे. क्रियापद चुकले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. साखळी ओढीमुळे लांबते असे जो समजतो तो ती सैल दिसताच घट्ट करतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. ती झिजल्यामुळे लांबते असे जो समजतो तो तिला स्वच्छ करून तेल देतो. पहिल्याची साखळी लवकर जाते, आणि जाताना कधीकधी मागच्या चाकात अडकून चाक जखडते. अशा वेळी गाडीच्या पाठीमागे कोण बसलेले आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

२

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘साखळी’ हा शब्द संस्कृत ‘शृंखला’पासून प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आला आहे. ऋकाराचा अकार झाला, अनुस्वार लोपून आधीचा स्वर दीर्घ झाला, आणि दोन स्वरांमधील एकेरी लकाराचा मराठीच्या नियमाप्रमाणे ळकार झाला. ‘साखळ’ मोठी आणि ‘साखळी’ लहान, हा ईकारान्त स्त्रीलिंगाने लघुत्व दाखविण्याचा प्रकारही परिचितच आहे.

या शब्दाचे जुने अर्थ तपासले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. दाराची साखळी अडविते, साखळदंड बांधतो, पायांतल्या साखळ्या शोभा देतात, मोजणीची साखळी जमीन मोजते. यांपैकी कोणतीही साखळी गती वाहून नेत नाही. एका चाकाचे फिरणे दुसऱ्या चाकाला पोहोचविणारी साखळी सामान्य मराठी माणसाच्या हाती आली ती सायकलीबरोबर, आणि तिच्यासाठी बोलीने ‘साखळी’ हा शब्द न वापरता ‘चेन’ हा उसना शब्द घेतला. लिंग मात्र घरचेच राहिले. ‘चेन’ स्त्रीलिंगी आहे ती ‘साखळी’ स्त्रीलिंगी आहे म्हणून. उसना शब्द देशी समानार्थकाचे लिंग धारण करतो, याचे हे एक स्वच्छ उदाहरण होय. दात्यांच्या चाकाचे नाव मात्र जिभेला जड गेले. ‘स्प्रॉकेट’मधील आरंभीचे जोडाक्षर गळून त्याचे ‘सॉकेट’ झाले, आणि आज कोणत्याही दुकानात ‘चेन-सॉकेट’ अशी जोडगोळीच ऐकू येते. मूळ इंग्रजीत ‘सॉकेट’ हा अगदी वेगळ्या वस्तूचा वाचक आहे, याची खंत करण्याचे कारण नाही. दुकानात त्यामुळे कधी कोणाचा घोटाळा झाल्याचे ऐकिवात नाही.

सायकलीच्या दुकानात चेनविषयीचे एक क्रियापद मोठे अचूक होते. चेन दात्यांवरून सुटली की मराठी मुलगा म्हणतो, “चेन पडली.” हिंदीत ती ‘उतरते’. दोन्ही भाषांनी डोळ्यांना जे दिसले तेच सांगितले आहे, आणि या बाबतीत डोळ्यांना दिसते तेच घडते. अडचण येते ती जे घडते ते दिसत नाही तेव्हा.

येथे मोजणीच्या साखळीकडे थोडे वळणे भाग आहे, कारण साखळी लांबण्याचा अनुभव या प्रदेशाला मोटरसायकलीच्या फार पूर्वीपासून आहे. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या देखरेखीखाली जमिनीची जी पाहणी सुरू झाली, तिच्या पद्धतीत ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली साखळी रूढ होती. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. ‘शंकू-साखळी’ हा जोडशब्द मोजणी खात्याच्या भाषेत आजही टिकून आहे. ओव्याच्या परिसरात आज जमिनीचा भाव कोणी विचारला तर उत्तर गुंठ्यातच मिळते, म्हणजे ज्या साखळीला कोणी पाहिलेले नाही तिच्याच वर्गात मिळते.

ही साखळीही वापराने लांबत असे. कड्यांना जोडणारी वळी एकमेकींवर घासून झिजत, काही उघडत, काही चपटी होत. प्रत्येक सांध्यात केसाएवढा फरक पडला तरी सांधे पुष्कळ असल्यामुळे एकूण फरक मोठा होई. समजा साखळी ३३ फुटांऐवजी ३३ फूट ४ इंच झाली. मोजणारा तिला ३३ फूटच समजतो. त्यामुळे जी जमीन प्रत्यक्षात सुमारे ११११ चौरस फूट आहे तिची नोंद १०८९ चौरस फूट म्हणून होते. गुंठ्यामागे २२ चौरस फूट कागदावरून नाहीसे होतात. म्हणूनच साखळी प्रमाण लांबीशी वेळोवेळी ताडून पाहावी, असा दंडक मोजणीशास्त्राच्या पुस्तकांत सर्वत्र आढळतो. येथे कोणी साखळीला प्रचंड बळाने ओढलेले नव्हते. ती लांबली ती सांध्यांमुळे. मोजणीदाराला हे ठाऊक होते, कारण त्याच्या साखळीचे सांधे उघडे होते. वळे झिजलेले त्याला दिसत होते. मोटरसायकलीच्या साखळीत हाच सांधा झाकलेला असतो.

३

चाकावरून फिरणारी अखंड माळ आपल्याला नवी नाही. अष्टागरातील नारळी-पोफळीच्या वाड्यांत रहाट होते, आणि रहाटावर लोट्यांची माळ होती. परंतु रहाटात शक्ती वाहून नेण्याचे काम माळेकडे नसे. बैलाच्या फेऱ्यांची गती लाकडी दात्यांची दोन चाके एकमेकांत गुंतवून नेली जाई. माळ केवळ पाण्याचा भार वर आणी. एका आसाची शक्ती दूरच्या दुसऱ्या आसाकडे साखळीने न्यावी ही कल्पना याहून वेगळी आहे, आणि तीही जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील ग्रीक यंत्रवेत्ता फिलॉन याने एका बाणयंत्राचे वर्णन केले आहे. त्यात चपट्या कड्यांची साखळी पाच बाजूंच्या चाकांवरून फिरते. चीनमध्ये ११ व्या शतकाच्या अखेरीस सू सुंग याने खाय-फंग येथे जो खगोलीय घड्याळाचा मनोरा उभारला त्यातही शक्तिवाहक साखळी होती. लिओनार्दो दा विंची याच्या टिपणवह्यांत साखळ्यांची रेखाटने आहेत. मात्र या साऱ्या साखळ्या सावकाश चालणाऱ्या होत्या. मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या यंत्राशी त्यांची गाठ पडलेली नव्हती.

ती गाठ १९ व्या शतकात पडली. फ्रेंच पदककार आंद्रे गाल याने १८२९ मध्ये ज्या साखळीचे एकस्व घेतले तिची रचना सोपी आहे : समांतर पट्ट्या, त्यांच्या टोकांना भोके, आणि भोकांतून जाणाऱ्या पिना. साखळी वळली की पट्टीचे भोक पिनेवर फिरते. आता पट्टी किती जाड असणार? दीड मिलिमीटर धरू. दोन पट्ट्या मिळून तीन मिलिमीटर रुंदीवर सगळी ओढ येते आणि तेवढ्याच जागेवर सगळे घासणे घडते. पिनेला लवकरच खाच पडते.

१८६४ मध्ये इंग्लंडात जेम्स स्लेटर याने यंत्रचालनाच्या साखळीचे एकस्व घेतले. त्याचा मँचेस्टरजवळील सॉल्फर्ड येथील लहानसा कारखाना १८७९ मध्ये हान्स रेनल्ड या स्वित्झर्लंडात जन्मलेल्या तरुणाने विकत घेतला, आणि दुसऱ्याच वर्षी, १८८० मध्ये, त्याने बुश-रोलर साखळीचे एकस्व मिळविले. आजची सायकलीची किंवा मोटरसायकलीची साखळी मूलतः तीच आहे.

रेनल्डने केले ते इतकेच : आतल्या दोन पट्ट्यांच्या भोकांत त्याने एक नळी घट्ट ठोकून बसविली, आणि पिन त्या नळीतून नेली. ही नळी म्हणजे बुश. आता साखळी वळताना पिन पट्टीच्या पातळ कडेवर फिरत नाही, तर बुशच्या संपूर्ण लांबीवर फिरते. आपल्याकडील साध्या मोटरसायकलींवर जी ४२८ क्रमांकाची साखळी असते तिच्यात ही लांबी सुमारे ११ मिलिमीटर भरते. तीन मिलिमीटरवरील ओढ अकरा मिलिमीटरवर पसरली म्हणजे दाब साडेतीन पटींनी उतरला. बुशच्या बाहेरून एक सैल रोलर फिरता ठेवला की तो दात्यावर घासण्याऐवजी लोळतो, आणि दात्याचीही झीज कमी होते.

साखळीचा इतिहास हा बहुतांशी बळकटीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. गालची साखळीही तुटण्याच्या दृष्टीने पुरेशी बळकट होती. रेनल्डने झिजेला नवी जागा दिली. उघड्या कडेवरून तिला बंद नळीत नेले. झीज त्यामुळे कमी झाली, आणि दिसेनाशीही झाली. माझ्या मते आपल्या क्रियापदाची चूक नेमकी येथे जन्मली.

४

मागच्या चाकाला साखळीने गती देणारी जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर सायकल १८८५ ची. मोटरसायकलीने मात्र आरंभी चामड्याच्या पट्ट्यावर भिस्त ठेविली होती. पट्टा मऊ चालतो, धक्का सोसतो. पण पावसात घसरतो. अमेरिकेतील ‘इंडियन’ या मोटरसायकलीला १९०१ पासून साखळी होती, आणि १९११ साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या वरिष्ठ शर्यतीत तिने पहिले तिन्ही क्रमांक पटकाविले. त्यानंतरच्या दशकात पट्टा मागे पडला.

आपल्याकडे १९५५ पासून मद्रासेस तयार होऊ लागलेली एन्फिल्ड बुलेट आणि १९६० च्या दशकारंभी म्हैसूरहून येऊ लागलेली जावा, या दोन्ही साखळीच्या गाड्या. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाचे वाहन मात्र स्कूटर होते, आणि येथे इतिहासाने एक गमतीदार जोडी आपल्यापुढे ठेवली आहे. पुण्याजवळ आकुर्डीस बजाजची व्हेस्पा आणि १९७२ पासून चेतक. तिचे इंजिन मागच्या चाकाशीच जोडलेले, गती दात्यांच्या चाकांनी थेट जाई, साखळीचा संबंधच नाही. दुसरीकडे मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीची, इनोसेंटी या इटालियन कारखान्याच्या परवान्याने तयार होणारी लँब्रेटा. १९५८ मध्ये इटलीत निघालेल्या लँब्रेटाच्या ‘एल आय’ या मालिकेत इंजिनापासून क्लचपर्यंत दुपदरी साखळी होती. परंतु ती इंजिनाच्या बंद कुशीत, तेलात बुडून चाले. लँब्रेटाच्या कित्येक मालकांना आपल्या गाडीत साखळी आहे हे ठाऊकही नसेल.

बुलेटमध्ये तर दोन्ही प्रकार एकाच गाडीत नांदतात. इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी बंद डब्यात तेलात फिरते, गिअरपेटीकडून मागच्या चाकाकडे जाणारी साखळी रस्त्याच्या धुळीत फिरते. दोघींचे पोलाद एकाच जातीचे, दोघींवरून तेच इंजिन ओढ घेते. पहिली दीर्घकाळ चालते. दुसरी वरचेवर बदलावी लागते. साखळी ओढीने लांबत असती तर दोघींच्या आयुष्यात एवढी तफावत पडण्याचे कारण नव्हते. जे प्रयोगशाळेत सिद्ध करावयाचे ते बुलेटस्वार रस्त्यावर रोज पाहत होते.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १९८६ मध्ये कावासाकी बजाजची केबी १००. स्कूटरवर वाढलेले महाराष्ट्रीय कुटुंब या सुमारास साखळीकडे वळले. सीडी १०० च्या साखळीवर पूर्ण बंद आवरण होते; त्यात तेल टिके, धूळ कमी शिरे आणि साडीचा पदरही सुरक्षित राही. पुढे रूपाच्या ओढीने हे आवरण अनेक गाड्यांवर अर्धे झाले आणि साखळी उघडी पडली. २००७ मध्ये बजाजच्या पल्सर २०० व २२० या गाड्यांवर ओ-रिंगची साखळी आली. १९७० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या या साखळीत प्रत्येक सांध्यात पट्ट्यांमध्ये रबराचे वळे बसविलेले असते. कारखान्यात पिन आणि बुश यांच्यामध्ये भरलेले ग्रीस ते आत कोंडून ठेवते आणि धुळीला बाहेर. बुलेटने डब्यात जे केले तेच येथे प्रत्येक सांध्याशी स्वतंत्रपणे केलेले आहे.

५

आता घर्षण आणि झीज यांतील भेद पाहू. मराठीत हे दोन शब्द आहेत ही आपल्या भाषेची सोयच म्हणावयाची. तरी बोलताना आपण दोन्हींसाठी ‘घासणे’ वापरतो. घर्षणाने शक्ती वाया जाते. झिजेने वस्तू वाया जाते. दोन्ही एकाच ठिकाणी घडतात म्हणून एकाच मापाने घडतात असे मात्र नाही.

१९९९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलीच्या साखळीचे मोजमाप केले. उत्तम स्थितीत साखळीने आत घेतलेल्या शक्तीपैकी ९८.६ टक्के पलीकडे पोहोचविली. लहान दातेचक्रांवर हा आकडा घसरला, आणि ओढ वाढविली तेव्हा तो वाढला. सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष असा की, प्रयोगशाळेतील स्वच्छ साखळीला तेल दिले वा न दिले तरी शक्तीच्या अपव्ययात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. यावरून तेल देऊ नये असा अर्थ काढणारा स्वतःचे नुकसान करून घेईल. तेलाचे मुख्य काम घर्षण वाचविणे नसून झीज वाचविणे हे आहे. ओ-रिंगची साखळी हेच उलट बाजूने दाखविते : रबराच्या वळ्यांमुळे तिला वळावयास किंचित अधिक शक्ती लागते, आणि तरी ती साध्या साखळीहून कितीतरी अधिक टिकते. घर्षण अधिक, झीज कमी.

झिजेचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. साखळीचा प्रत्येक सांधा एका फेऱ्यात चार वेळा हलतो : पुढच्या चक्रावर चढताना वळतो, उतरताना सरळ होतो, आणि मागच्यावर तसेच. समजा मागच्या चक्राला ४२ दाते आहेत, साखळीत ११८ कड्या आहेत आणि चाकाचा परीघ १.९ मीटर आहे. एका किलोमीटरमध्ये साखळीचे सुमारे १८७ फेरे होतात, म्हणजे प्रत्येक सांधा जवळजवळ ७५० वेळा हलतो. २०,००० किलोमीटरमध्ये दीड कोटी वेळा. पुढचे चक्र १४ दात्यांचे असेल तर त्यावर प्रत्येक वळण जवळजवळ २६ अंशांचे, मागच्या ४२ दात्यांच्या चक्रावर साडेआठ अंशांचे. त्यामुळे झिजेचा मोठा वाटा पुढच्या लहान चक्रापाशी पडतो. अधिक ओढीच्या हौसेने किंवा चढासाठी पुढचे चक्र आणखी लहान करून घेणाराने ही किंमत ध्यानात ठेवावी.

४२८ क्रमांकातील पहिला ४ हा पिच, म्हणजे दोन लगतच्या पिनांमधील अंतर, इंचाच्या आठव्या हिश्श्यांत सांगतो. चार आठवे हिस्से म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पहिला आकडा ५ असेल तर पाच आठवे, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. ११८ कड्यांची ४२८ साखळी दीड मीटरला किंचित कमी भरते. मोटरसायकलीची साखळी साधारण २ टक्के लांबली की बदलावी असा संकेत आहे. दीड मीटरचे २ टक्के म्हणजे ३० मिलिमीटर. ओव्याच्या दुकानातील भिंतीवर दिसलेली दोन बोटे ती हीच. हे ३० मिलिमीटर ११८ सांध्यांत वाटून द्या. एका सांध्याच्या वाट्याला पाव मिलिमीटर येतो. पिन थोडी झिजली, बुश आतून थोडे झिजले, दोन्ही मिळून पाव मिलिमीटरची पोकळी झाली. दीड कोटी हालचालींनंतर एवढेच. ते कोणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही. ११८ पटींनी वाढून ते भिंतीवर मात्र दिसते.

आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. बुश आतल्या पट्ट्यांत घट्ट ठोकलेले असल्यामुळे आतल्या कडीवरील दोन रोलरांमधील अंतर जसेच्या तसे राहते. वाढते ते बाहेरच्या कडीचे. म्हणजे झिजलेली साखळी सर्वत्र सारखी लांबलेली नसते. एक कडी बरोबर, पुढची लांब, पुन्हा एक बरोबर, अशी ती चालते. दात्यांवर ती नीट बसत नाही, वर चढू पाहते, आणि दाते हळूहळू आकड्यासारखे वाकडे होतात. ताणाने लांबलेल्या तारेत असे कधी होत नाही.

६

घट्ट करण्याने या पोकळीचे काहीच होत नाही. मागच्या चाकाचा आस मागे सरकतो, साखळीचा झोल जातो, पिन आणि बुश यांच्यामधील पाव मिलिमीटर तसाच राहतो. उलट साखळी प्रमाणाबाहेर घट्ट केली तर, खड्ड्यात चाक वरखाली होताना दोन चक्रांमधील अंतर वाढते त्या क्षणी ती गिअरपेटीच्या बेअरिंगवर ओढ घेते आणि सांध्यांवरील दाब वाढवून झिजेलाच हातभार लावते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत झोलाचे जे माप दिलेले असते, बहुधा २० ते ३० मिलिमीटर, ते खालच्या बाजूच्या मध्यावर, चाक फिरवीत तीनचार ठिकाणी पाहावे, आणि साखळी सर्वांत घट्ट भासते तेथील माप प्रमाण मानावे.

तेलाविषयी आपल्याकडे दोन जुन्या सवयी आहेत. इंजिनातून काढलेले जळके तेल साखळीला लावणे ही त्यांपैकी वाईट. त्या तेलात इंजिनाच्या झिजेचे कणच असतात; एका यंत्राची झीज दुसऱ्याला पाजण्याचा हा प्रकार आहे. रॉकेलने धुऊन, पुसून, वाळवून ९० नंबरचे गिअर ऑइल देणे ही दुसरी सवय चांगली, आणि ओ-रिंगच्या साखळीलाही ती चालते. मात्र तिथे पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य, कारण त्यांनी रबराची वळी खराब होतात. तेल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने, पट्ट्यांच्या फटींत द्यावे; साखळी चक्रावरून वळते तेव्हा तेल बाहेर फेकले जाते, ते जाता जाता सांध्यातून जावे हा हेतू. गाडी चालवून आल्यावर साखळी कोमट असताना तेल दिले आणि रात्रभर मुरू दिले तर ते आत पोहोचते. सकाळी निघताना दिलेले तेल बहुतेक मागच्या चाकाच्या तारांवर आणि पँटीवर जाते. जास्तीचे तेल पुसून टाकावे. बाहेर चिकटून राहिलेले तेल धूळ धरते, आणि तेलात कालविलेली धूळ ही घासकामाची उत्तम लेई असते.

ओवे-खारघर-तळोजे या पट्ट्यात साखळीचे वर्ष दोन भागांत पडते. बांधकामांची बारीक धूळ आठ महिने, आणि कोकणचा पाऊस चार महिने. पावसाचे पाणी तेल धुऊन नेते आणि रात्रीत पिनांवर गंज चढवते. गंजाचे कण धुळीइतकेच कठीण. येथे पुस्तिकेतील किलोमीटरचा हिशेब जुलैत लागू पडत नाही. आठवड्यास एकदा तेल, असा येथील कारागीर मंडळींचा सल्ला आहे आणि तो मला पटतो. बैलगाडीच्या आसाला वंगण देणारा शेतकरी हे वेळापत्रक कोणत्याही पुस्तिकेवाचून जाणत होता. आसाचे कुरकुरणे त्याला ऐकू येई. त्याच्या भाषेत ‘आस लांबला’ असा प्रयोग असण्याचे कारण नव्हते, कारण वंगण आणि झीज यांचा संबंध त्याच्या डोळ्यांपुढे आणि कानांपुढे घडत होता.

येथे मला यंत्रशिक्षणासाठी मराठी पाठ्यपुस्तके लिहिणारांस एक विनंती करावीशी वाटते. इंग्रजीतही साखळीविषयी ‘लांबणे’ या अर्थाचाच शब्द रूढ आहे, आणि आपण तो तसाच उचलून ‘साखळीचा ताण-विस्तार’ यासारखी जड परिभाषा घडवू लागलो तर चूक संस्कृताच्या पोशाखात कायम होईल. ‘झीज-लांबी’ हा साधा समास पुरेसा आहे. तो ऐकताच विद्यार्थी विचारील, कशाची झीज? आणि मग पिन व बुश यांच्याकडे पाहावेच लागेल.

बोलीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्याजवळ योग्य शब्द आहे. ती तो दुसरीकडे वापरते. त्या दिवशी ओव्याच्या दुकानात जुने दातेचक्र हातात घेऊन कारागीर म्हणाला होता, “याचे दाते घासलेत.” साखळी लांबते आणि दाते घासतात, असे का म्हणता, हा प्रश्न मी त्याला विचारला. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, जुन्या साखळीची एक कडी दोन बोटांत धरून खुळखुळविली, आणि म्हणाला, “घासली तर हीसुद्धा आहे सर. पण दाते दिसतात ना.” मग त्याने नव्या साखळीचे लॉक बसविले, त्याचे बंद टोक साखळीच्या चालीच्या दिशेला आहे ना ते अंगठ्याने चाचपून पाहिले, आणि चाक फिरविले.